जोड्या लावा

सरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं मला अजून भेटतात. ठाण्यात भेटतात, डोंबिवलीत तर भाजी घेताना भेटतात. "काय माणूस होता! आज आपण जे काही आहोत ते त्यांच्यामुळे," वगैरे. मी मान हलवते. ती माणसं खोटं बोलत नाहीत. मला कॉम्प्युटर शिकवला तो त्यांनीच, नोकरीला चिकटवलं तेही त्यांनीच. तरी त्यांची आठवण निघाली की माझ्या तोंडाला येणारी चव गोड नसते, आणि इतक्या वर्षांनी ती साखर घालून गोड करावी असं मला वाटत नाही.

सरांना 'चावी' हा शब्द चालत नसे. टेंभी नाक्याजवळ औषधांच्या एका दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, दर रविवारी त्यांचा क्लास भरायचा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, एकेका मशीनवर पाच-सहा डोकी, आणि खालून सतत येणारा स्पिरिटचा वास. एकदा एका मुलाने विचारलं, "सर, ह्या फाइलची चावी कुठली धरायची?"

सरांनी खडू खाली ठेवला. "चावी कशाला देतात?"

मुलगा पडद्यावरच्या अक्षरांकडे बघायला लागला.

"चावी पत्र्याच्या माकडाला देतात. मग ते टाळ्या वाजवतं. डेटाला किल्ली असते. म्हण."

"किल्ली, सर."

"पुन्हा."

त्या मुलाला त्यांनी क्लास सुटेपर्यंत किल्ली म्हणायला लावलं. आम्ही हसून हसून बेजार. त्या वयात असला छळ विनोदी वाटतो, कारण तो दुसऱ्याचा चाललेला असतो.

पण शिकवायचे मात्र असे, की डोक्यात खिळा बसावा. किल्ली म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला शाळेच्या पेपरावरून सांगितलं. "'जोड्या लावा' आठवतं ना? 'अ' गट, 'ब' गट. 'अ' गटात एकच गोष्ट दोनदा छापली असती तर तुम्ही काय केलं असतं? पेपर काढणाऱ्याच्या नावाने शंख केला असता. 'ब' गटात काय वाटेल ते दोनदा येऊ दे, 'अ' गटात नाही. किल्ली म्हणजे 'अ' गट. तिथे एकजण बसला की दुसऱ्याने यायचं नाही." पुढे मी कितीतरी जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचली. यापेक्षा सोपं मला कुणी सांगितलं नाही.

यायचं नाही म्हणजे खरोखरच यायचं नाही. आमच्या बॅचला दोन सुनीता होत्या. सरांनी हजेरी घेताना एकदा थांबून दोघींकडे पाहिलं, आणि उशिरा नाव घातलेल्या सुनीताला म्हणाले, "तू दुसरं काहीतरी नाव घे. इथे सुनीता आहे." तिला वाटलं, थट्टा करतायत. ती हसली. सर हसले नाहीत. पुढचे दोन-तीन रविवार ते तिला हाकच मारीनात. प्रश्न विचारला तरी उत्तर भिंतीकडे बघून द्यायचे. एका रविवारी ती आली नाही, ती नाहीच. माजिवड्याला राहायची ती. परवा परवा मला कळलं, तिने पुढे बँकेत चांगली नोकरी केली. ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

डोंबिवलीला सर ज्या इमारतीत राहायचे तिथे त्यांच्याच नावाआडनावाचे एक गृहस्थ वरच्या मजल्यावर राहायला आले. नाव तेच, वडिलांच्या नावाचं अक्षर तेच, आडनाव तेच. आता अशा वेळी तुम्हीआम्ही काय करू? एकमेकांची पत्रं एकमेकांना नेऊन देऊ, त्यानिमित्ताने चहा पिऊ. सर पाटी घेऊन वर गेले. स्वतःच्या खर्चाने करून घेतलेली पाटी. तिच्यावर त्या गृहस्थांचं नाव आणि पुढे कंसात 'दुसरा मजला' असं कोरलेलं. म्हणाले, "ही लावा." ते गृहस्थ रेल्वेतून रिटायर झालेले, तेही काही कच्चे नव्हते. म्हणाले, "तुम्ही लावा की पहिला मजला." झालं! त्यानंतर सरांनी जिन्यात त्यांच्याशी बोलणं सोडलं. पोस्टमनने चुकून त्यांचं पाकीट सरांकडे टाकलं तर सर त्याच्यावर 'या पत्त्यावर असा इसम नाही' असं लिहून परत करायचे. एकदा स्वतःच्याच टेलिफोन बिलाच्या पाकिटावर तसं लिहून त्यांनी ते परत केलं, आणि टेलिफोन तुटला. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगायच्या. सर शेजारी बसून शांतपणे म्हणायचे, "चूक पोस्टाची. नाव एकटं पुरत नाही हे त्यांना कळायला हवं."

हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, त्यांच्या घरी, हातात पोह्यांची बशी धरून. म्हणून मला राग येतो. नाव एकटं पुरत नाही, हे या माणसाला माहीत होतं.

नव्वद साल उलटल्यावर सरांनी मला त्यांच्या कंपनीत घेतलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीतली रंगांसाठी लागणारी रसायनं करणारी कंपनी. बाहेरच्या गटारातून कधी तांबडं, कधी हिरवं पाणी वाहायचं, आणि सर त्यावरून आज आत कुठला माल चाललाय ते सांगायचे. कॉम्प्युटर खातं म्हणजे वरच्या मजल्यावरची एक काचेची खोली. आत एसी, कारण मशीनला गरम सोसत नसे. बाहेर चपला काढायच्या आणि आतल्या सपाता घालायच्या. सपातांवरही नावं होती. सरांची सपात चुकून दुसऱ्या कुणी घातली तर त्या दिवशी सर ती धुवायला लावायचे. आम्ही त्यांना मागे 'सोवळं' म्हणायचो.

प्लांटमधून रोज हजेरीचे कागद घेऊन जो माणूस यायचा त्याला सगळे खारी म्हणायचे. मला कित्येक दिवस वाटायचं, चहाबरोबर खातात त्या खारीवरून काहीतरी थट्टा असेल. तर ते तसं नव्हतं. खाडीकाठच्या गावातला तो आगरी माणूस, घर खारीवर, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीवर. म्हणून खारीवरचा, आणि त्याचा झाला खारी. त्याच्या प्लांटला कंपनीत पिवळा प्लांट म्हणायचे, कारण तिथल्या माणसांचे तळहात, नखं, उशीचा अभ्रासुद्धा पिवळा व्हायचा. खारी चपला काढायचा नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहून हात लांब करून कागद द्यायचा.

"आत ये ना रे," मी म्हणायचे.

"नको ताय. तुमचं मशीन फ्रिजमंदी बसतं, आमी भट्टीन. येकदम आत शिरलू तं तडकन फुटंन."

असा माणूस. दर वेळी काहीतरी बोलून जायचा. त्याच्यामुळे त्या काचेच्या खोलीत थोडी हवा यायची. सर काचेतून बघत राहायचे आणि तो गेला की म्हणायचे, "कागदावर बोटांचे डाग पाडतो."

आता मुद्द्याचं सांगते. तेव्हा सरांनी ऑब्जेक्टचं नवीन शास्त्र स्वतःच पुस्तकावरून शिकून घेतलं होतं आणि त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. कंपनीतलं प्रत्येक खातं त्यांनी एकेक ऑब्जेक्ट केलं. त्या ऑब्जेक्टला गुणधर्म, म्हणजे प्रॉपर्टी. खात्याचं नाव ही एक, सुपरवायझर ही एक, आणि 'माणसं' ही एक. 'माणसं' या प्रॉपर्टीत एक नाव नव्हतं, नावांची अख्खी रांग होती, ज्याला अ‍ॅरे म्हणतात. पिवळा प्लांट, त्याच्यापुढे ही एवढी रांग. पॅकिंग, त्याच्यापुढे दुसरी रांग. कामं वाटून द्यायला हे छान होतं. पण कंपनीचे डॉक्टर उलटं विचारायचे. ते म्हणायचे, हा अमुक माणूस कुठल्या खात्यात आहे ते सांगा. मग सगळ्या रांगा धुंडाळायच्या. तेव्हा सरांनी ठरवलं, रांगा मोडायच्या आणि जोड्या लावायच्या. डावीकडे नाव, उजवीकडे खातं. नाव द्या, खातं घ्या.

हे खूळ नव्हतं. त्याला कारण होतं. पिवळ्या प्लांटमधल्या माणसांचं रक्त ठरावीक दिवसांनी तपासायचा नियम होता. तिथला माल कातडीतून आत जातो आणि रक्त नासवतो. रक्त बिघडलेलं दिसलं की त्या माणसाला काही दिवस पॅकिंगला नाहीतर बागेत घालायचे, सुधारलं की परत. नवीन पद्धतीत तपासणीची यादी मशीन आपोआप काढणार होतं. जोडीत ज्याच्या नावापुढे पिवळा प्लांट, त्याला बोलावणं. एवढं साधं.

आणि आता या सगळ्यातली गोम. जोड्यांमध्ये एकच किल्ली दुसऱ्यांदा आली तर मशीन ओरडत नाही, भांडत नाही, बाईंसारखं कुणाला किस्सा सांगत नाही. आधीची जोडी पुसतं आणि त्या जागी नवीन बसवतं. बाहेरून काही कळत नाही.

किल्ली काय धरायची यावर माझं आणि सरांचं वाजलं. बिल्ला नंबर धरता येत नव्हता, कारण प्रत्येक खात्याचे बिल्ले एकपासून सुरू व्हायचे. सर म्हणाले, नाव. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. "तीन कुलपं आहेत. तिन्ही उघडून आत दुसरा कोण येतोय?"

"सर, बिल्ला नंबराच्या आधी खात्याचं अक्षर लावू या. पिवळ्याचा वाय एक, पॅकिंगचा पी एक."

"खातं बदललं की किल्ली बदलणार. मग ती किल्ली कसली? माणूस तोच राहतो, त्याचं नाव तेच राहतं."

"मग निदान घालायच्या आधी बघू या ना, ते नाव आधीच बसलंय का. एका ओळीचं काम आहे. असलं तर थांबेल."

सरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसणं म्हणजे पुढे अपमान येणार. "अगं, घराचं कुलूप उघडताना रोज बघतेस का, शेजारणीची किल्ली आपल्या कुलपाला लागते का ते? किल्ली तपासायला लागणं म्हणजे किल्लीवर विश्वास नसणं. माझ्या प्रोग्रॅममध्ये असली ओळ येणार नाही."

नाही आली. प्रोग्रॅम चालवला. मी रांगांमधली सगळी माणसं मिळून बेरीज केली होती, ती जोड्यांशी ताडून पाहिली. जोडी एक कमी होती. मी सरांना दाखवलं. मला आठवतं, ते खूश झाले. टिचकी वाजवली त्यांनी.

"बघितलंस? रांगेत कुणाचं तरी नाव टायपिस्टने दोनदा मारलं होतं. इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही. जोड्या लावल्या आणि घाण आपोआप निघून गेली."

"पण सर, कुणाचं ते बघायला हवं."

"गेलेली घाण कुणी परत बघतं का?"

मी पर्सोनेलला गेले. तिथले साहेब म्हणाले, "सर म्हणतायत ना? मग झालं तर." सरांचा दबदबा असा होता. मी परत आले तर सरांना ते आधीच कळलं होतं. दोन दिवस त्यांनी मला हाक मारली नाही. मला माजिवड्याची सुनीता आठवली.

यादी दर महिन्याला छापली जाऊ लागली आणि गेटवर लागू लागली. पगार पर्सोनेलच्या वहीवरून निघायचा, त्यामुळे तिथे कुणाचं अडलं नाही. सगळीकडे सरांची वाहवा. खारी कागद घेऊन येत होता, तो हळूहळू कमी बोलायला लागला. मग एक दिवस त्याच्या जागी दुसराच माणूस कागद घेऊन आला. खारी पडला, म्हणाला. काम करता करता प्लांटमध्येच पडला. ओठ निळे पडले होते. कल्याणला हॉस्पिटलमध्ये नेलाय.

दुपारी डॉक्टरांचा कंपाउंडर काचेपाशी आला. हॉस्पिटलवाले आधीचे रक्ताचे रिपोर्ट मागत होते, आणि दवाखान्यात खारीच्या नावाचा अलीकडचा एकही रिपोर्ट नव्हता. मी म्हटलं, नाव सांगा पूर्ण. खारीचं पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बाळाराम जोमा म्हात्रे.

नाव घातलं. पडद्यावर आलं, बाळाराम जोमा म्हात्रे, पॅकिंग.

"पॅकिंग कसं?" कंपाउंडर म्हणाला. "पॅकिंगचा बाळाराम वेगळा. तो हा काय, खाली उभा आहे. भाऊ लागतो त्याचा."

सर उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "एकच आहे."

"दोन आहेत सर."

"मशीनमध्ये एकच आहे."

"सर, एक कल्याणला आहे आणि एक खाली उभा आहे!" मी किती मोठ्याने बोलले कुणास ठाऊक, कंपाउंडरने काचेला टेकवलेला हात काढून घेतला.

पुढचं मला त्या खाली उभ्या असलेल्या बाळारामने सांगितलं. त्यांच्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. एका जोमाचे दोन मुलगे, दोघांनीही आपापल्या मुलाचं नाव जोमा ठेवलं. पुढे त्या दोन जोमांच्या बायका एकाच वर्षी बाळंत झाल्या. घरातले बाळाराम नावाचे म्हातारे तेव्हा नुकतेच गेले होते. दोन्ही घरांना वाटलं, म्हातारा आपल्याकडे आला. दोन्हीकडे बाळाराम. गावात कुणाचा घोळ होत नसे. एक खारीवरचा, एक विहिरीकडचा. घोळ फक्त आमच्या काचेच्या खोलीत झाला. पिवळ्या प्लांटची रांग आधी वाचली गेली, पॅकिंगची नंतर. विहिरीकडचा येऊन खारीवरच्याच्या जागेवर बसला. तीन कुलपं उघडून.

"पण तो सांगायचा नाही का कुणाला, आपल्याला बोलावत नाहीत म्हणून?" मी विचारलं.

"त्यो खुशीत व्हता ताय," बाळाराम म्हणाला. "गेटवरची यादी बगायचा, बोट फिरवायचा. नाव नाय. मना म्हनायचा, बोलावनं नाय म्हंजे माजं रगत चांगला हाय. घरा जाऊन बायकोला पन त्याच सांगलान."

हे ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सर, हॉस्पिटलला कळवायला हवं. तो पहिल्यापासून पिवळ्या प्लांटमध्येच होता, चूक आपल्याकडे झाली. ते आत्ता साध्या काविळीचं औषध देतायत."

"डॉक्टर कळवतील."

"डॉक्टर म्हणतात कॉम्प्युटरवर पॅकिंग आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय ते लिहून देणार नाहीत. तुम्ही एकदा म्हणा, की प्रोग्रॅम चुकला."

"प्रोग्रॅम चुकलेला नाही." ते अगदी शांतपणे म्हणाले. "प्रोग्रॅमला जे दिलं त्याचं जे व्हायला हवं तेच झालं. दोन माणसांना एक नाव देणं ही चूक आहे. ती मी केलेली नाही."

"सर, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटून डेटा दुरुस्त होतो का?"

शेवटी मी आणि कंपाउंडर कल्याणला गेलो आणि तिथल्या डॉक्टरला तोंडी सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. "हे आधी का नाही सांगितलंत?" म्हणाला. औषध बदललं. पण तोवर खारीच्या अंगात रक्त तयार होणंच बंद होत आलं होतं. पलंगावर तो उशीला टेकून बसला होता, पिवळे हात पांढऱ्या चादरीवर. मला बघून म्हणाला, "ताय, तुमी हितं? मशीन कनाकडं ठेवून आलाव?"

इकडे सरांनी डेटा दुरुस्त केला. तासाभरात. बिल्ला नाही, खात्याचं अक्षर नाही, माझं कुठलंच म्हणणं घेतलं नाही. नावच किल्ली ठेवली, आणि त्या दोघांच्या नावापुढे आकडा घातला. विहिरीकडचा बाळाराम जोमा म्हात्रे एक. खारीवरचा बाळाराम जोमा म्हात्रे दोन. हजेरीपत्रकावर, ओळखपत्रावर, सगळीकडे. खारीचं नवीन ओळखपत्र आलं तेव्हा तो हॉस्पिटलमध्येच होता. ते माझ्या टेबलावर पडून राहिलं, कारण घेऊन जायला कुणी आलं नाही.

थंडी संपता संपता खारी गेला.

आम्ही काही जण गावात भेटायला गेलो. खाडीच्या बाजूला, चिखलाच्या वाटेने. त्याची बायको आत होती, ओसरीवर म्हातारी माणसं बसली होती. आणि सर आले. कुणाला न सांगता, एकटे, रिक्षा वाटेवरच सोडून, पँटच्या टोकांना चिखल लागलेला. मला इतकं आश्चर्य वाटलं की क्षणभर माझा राग उतरला. मनात म्हटलं, माणूस आहे हा शेवटी. त्यांना कुणीतरी पाणी दिलं, खुर्ची आणली. साहेब आले, साहेब आले, असं आत कुजबुजलं. सर खुर्चीच्या टोकावर बसले. पाणी प्यायले. मग शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "या गावात एकाच नावाचे असे अजून कितीजण आहेत?"

म्हाताऱ्याला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतायत. दुःखात माणूस काहीही विचारतो. त्याने बिचाऱ्याने एकेक नाव घेऊन सांगायला सुरुवात केली, त्यातले आमच्या कंपनीत कोण, बाजूच्या कंपनीत कोण. सर मान डोलवत मन लावून ऐकत होते. आतून रडण्याचा आवाज वाढला की ते म्हाताऱ्याच्या जवळ वाकायचे, नाव नीट ऐकू यावं म्हणून.

लोक म्हणतात, त्यांना आतून लागलं होतं, त्यांची दाखवायची पद्धत निराळी होती. बाई तर मला हात धरून म्हणाल्या, "अगं, ते रात्रभर जागे असतात." असतीलही. मी माणसांच्या आतलं बघायला गेले नाही. मी त्या ओसरीवर होते आणि तिथे जे दिसलं ते सांगते.

त्यानंतर काही दिवसांनी नवीन हजेरीपत्रकं निघाली. ती वाटून झाली आणि पॅकिंगचा बाळाराम आमच्या दारापाशी आला. तो कधी वर यायचा नाही. हातात कागद होता. चपला काढून उंबऱ्यावर उभा राहिला, आत आला नाही.

"ताय," म्हणाला, "माजे नावाम्होरला एक कनी कारला?"

मी पाहिलं. कागदावर नुसतं नाव होतं. बाळाराम जोमा म्हात्रे. आकडा गेला होता. मी तो काढला नव्हता.

"चुकला असेल," मी म्हटलं. "तुला तो नकोच होता ना? नंबर लावला म्हणून तू चिडला होतास."

"तवा नको व्हता." तो कागदाकडे बघत राहिला. "आता रेऊ दे ना. एक हाय म्हंजे दुसरा व्हता, येवरा तरी कलल."

तेवढ्यात सर आतून उठले. सपाता घालून दारापर्यंत आले. मी त्यांना कुणाशी इतक्या मऊ आवाजात बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं, क्लासमध्येही नाही, घरीही नाही. त्यांनी बाळारामच्या हातातला कागद घेतला आणि त्याच्या नावावर बोट ठेवून, लहान मुलाला समजवावं तसं, समजावलं. "हे बघा, नंबर कधी लागतो? एका नावाचे दोघे असले तर. आता तुमचं नाव दुसऱ्या कुणाचं नाही. किल्ली मोकळी झाली. मग एकट्याला नंबर कशाला?"

बाळारामने ते सगळं ऐकून घेतलं. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, वाकून चपला घातल्या.

"हां साहेब," तो म्हणाला. "एकलाच हाय."